२१४ फाइलींचा बदल तपासायला आलाय, सुरुवात कुठून करू?

सांगलीकर_मास्तरीण (रविवार सकाळ)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या.

मी पॉलिटेक्निकला शिकवते. डेबियन या लिनक्समध्ये माझ्या नावावर एकच पॅकेज आहे, तेही कीबोर्डच्या मांडणीचं. चार डेटा फाइली, तीन ओळींची रूल्स फाइल, वर्षातून एकदा चेंजलॉगमध्ये भर घालायची, एवढाच संसार. अपलोडचा अधिकार मला नाही, माझे स्पॉन्सर करून देतात.

गेल्या आठवड्यात टीममधल्या एकांनी साल्सावरच्या (डेबियनचं कोड ठेवायचं संकेतस्थळ) एका मर्ज रिक्वेस्टवर (बदल सामील करून घ्यायची विनंती) मला रिव्ह्यूअर म्हणून नेमलं. सी मधली एक लायब्ररी आहे, अपस्ट्रीमची (मूळ लेखकांची) नवी आवृत्ती आलीय, ती पॅकेजमध्ये घ्यायचीय. "छोटी लायब्ररी आहे" असं सांगितलं होतं. उघडून बघते तर बदललेल्या फाइली २१४ आणि ओळी नऊ हजारांवर.

काल रात्री स्वयंपाकघर आवरून बसले आणि वरून खाली वाचत सुटले. चाळिसाव्या फाइलीपर्यंत डोकं जागेवर होतं, पुढे नुसतं माउसचं चाक फिरत होतं. साडेबाराला "ठीक वाटतंय" असं लिहून लॅपटॉप मिटला. पण झोप येईना. पेपर न उघडता मार्क टाकल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी उठले आणि ती कॉमेंट पुसली.

तर विचारायचं ते असं. तुम्ही लोक खरंच सगळं वाचता का? माझं सी शिकवण्यापुरतं आहे, पॉइंटर आणि लिंक्ड लिस्टच्या पलीकडे मी कधी कुणाच्या खऱ्या प्रोजेक्टमध्ये हात घातलेला नाही. अशा माणसाने रिव्ह्यू करावा का? आणि बदल पाठवणारे गृहस्थ बरीच वर्षं डेबियनमध्ये आहेत, मी त्यांच्यासमोर कालची. त्यांना "हे असं का केलंत" विचारायचं तर कोणत्या तोंडाने?

शेवभाजी

सीआय (आपोआप चालणाऱ्या तपासण्या) हिरवं आहे ना? मग ॲप्रूव्ह करा आणि झोपा.

चेष्टा नाही करत. डेबियन १३ मध्ये सत्तर हजारांच्या घरात पॅकेजं आहेत आणि सांभाळणारे अधिकृत डेव्हलपर हजाराच्या आसपास. प्रत्येकाने प्रत्येक ओळ वाचायची ठरवली तर पुढची आवृत्ती आपली नातवंडं इन्स्टॉल करतील. साल्साची पाइपलाइन बिल्ड करते, लिंटियनने पॅकेजमधल्या चुका शोधते, ऑटोपीकेजीटेस्टने बसवलेलं पॅकेज चालवून बघते, पिउपार्ट्सने बसवून, अपग्रेड करून, काढून बघते. मशीन थकत नाही, तुम्ही थकता. माझ्याकडे अकरा पॅकेजं आहेत, सगळी अशीच चालतात.

खोडरबर

ताई, कॉमेंट पुसलीत ते बरं केलंत. शेवभाजी, तू म्हणतोस त्यात निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्यावर माझी एकदा शोभा झालीय, ती सांगतो.

आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, सगळं वाचत नाही. आणि वरून खाली तर कधीच वाचत नाही. २१४ पैकी दोनशे फाइली अपस्ट्रीमच्या असणार. त्या लेखकाचं प्रोग्रामिंग तपासायला तुम्हाला कोणी बसवलेलं नाही. त्याच्याकडून निघालेला माल लोकांच्या मशीनवर कसा उतरतो, ते बघायला तुम्ही बसलात. म्हणून मी उलट्या टोकाने येतो. आधी तयार झालेली डेब फाइल (लोक बसवतात ती), मग डेबियन नावाची डिरेक्टरी, मग टारबॉल (अपस्ट्रीमने प्रसिद्ध केलेला सोर्सचा गठ्ठा). अपस्ट्रीमचा सी कोड सगळ्यात शेवटी, तोही वेळ उरला तर.

हे शहाणपण मला उपजत नव्हतं. मी डोंबिवलीत राहतो, नोकरी हिशेबाच्या सॉफ्टवेअरची, आणि डेबियनमध्ये शिरलो तो इन्स्टॉलरच्या मराठी भाषांतराच्या दारातून. पुढे एका शैक्षणिक खेळाचं पॅकेज टीमसोबत बघायला लागलो. काही वर्षांपूर्वी एकाने बदल पाठवला: पॅकेज जड झालंय, चित्रं आणि आवाज वेगळ्या डेटा पॅकेजमध्ये काढूया. अगदी रास्त. बदल तरी केवढा? पॅकेजची माहिती असलेल्या कंट्रोल फाइलीत नव्याची नोंद, आणि एका इन्स्टॉल फाइलीतून (कोणत्या पॅकेजात काय जातं ते सांगणारी) एक ओळ काढून दुसरीत तीच टाकली. नोंद सोडली तर लाल (काढलेली) एक, हिरवी (घातलेली) एक. मी दीड मिनिटात हो म्हटलं. स्वच्छ चेरूटमध्ये (मशीनच्या आतच वेगळी काढलेली कोरी जागा) बिल्ड केलं, इन्स्टॉल केलं, खेळ सुरू झाला, पोपट बोलला. माझ्या लॅपटॉपवर अपग्रेडही झालं.

ओळखीच्या एका शाळेच्या लॅबमध्ये मी हौसेने २२ मशीनवर सिड (डेबियनची रोज बदलणारी, अस्थिर आवृत्ती) लावून ठेवलं होतं. (शाळेच्या लॅबमध्ये सिड लावणाऱ्याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा, घरी म्हणून झालंय.) सोमवारी तिथल्या बाईंचा फोन, अपग्रेड मध्येच अडकलंय. गेलो तर डीपीकेजी (पॅकेज बसवणारा प्रोग्राम) सांगतोय: अमुक चित्र मी लिहायला जातोय, पण ते आधीच त्या दुसऱ्या पॅकेजच्या मालकीचं आहे. म्हणजे जुनं पॅकेज अजून मशीनवर, त्याच्या ताब्यात ती चित्रं, आणि नवं डेटा पॅकेज त्याच जागी तीच चित्रं ठेवायला आलेलं. एका फाइलीवर दोन पॅकेजं हक्क सांगू शकत नाहीत. माझ्या लॅपटॉपवर उघडण्याचा क्रम योगायोगाने उलटा पडला, आधी नव्या मुख्य पॅकेजने चित्रं सोडली आणि मग डेटा पॅकेज आलं, म्हणून निभावलं. स्वच्छ चेरूटमध्ये तर जुनं काही नसतंच, तिथे भांडण होणार कुणाशी?

उपाय कंट्रोल फाइलीत दोन ओळींचा होता: नव्या डेटा पॅकेजने ब्रेक्स आणि रिप्लेसेसमध्ये जुन्या मुख्य पॅकेजचं नाव लिहायचं, "अमुक आवृत्तीच्या आधीचं" एवढी अट घालून. त्या दोन ओळी बदलात नव्हत्या. जे लिहिलेलंच नाही ते लाल-हिरव्यात दिसणार कसं? मी जे होतं तेच वाचलं. बाईंनी चहा दिला, काही बोलल्या नाहीत, आणि मी २२ मशीनवर एकेक करून बसलो. तेव्हा पिउपार्ट्स मी चालवत नव्हतो. चालवलं असतं तर त्याने बहुधा पकडलं असतं, हे शेवभाजीच्या खात्यावर जमा.

पण त्याहून सोपी गोष्ट होती. डेबडिफ सगळे जण दोन सोर्सवर चालवतात. तो "शो-मूव्ह्ड" हा पर्याय लावून दोन चेंजेस फाइलींवर (बिल्डमधून काय तयार झालं त्याची यादी) चालवून बघा, एक आधीच्या बिल्डची, एक नव्या. मग तो कोड दाखवत नाही. कोणती फाइल नव्याने आली, कोणती गेली, कोणती एका पॅकेजातून उठून दुसऱ्यात गेली, परवानग्या कुठे बदलल्या, अवलंबित्वं कोणती वाढली, ते सांगतो. नऊ हजार ओळींचा बदल अनेकदा एका स्क्रीनमध्ये मावतो. माझ्या खेळाच्या वेळी त्याने सरळ यादी दिली असती की एवढी चित्रं इकडून तिकडे गेली. तिथेच विचार सुचला असता. तुम्ही यापासून सुरू करा.

मग डेबियन डिरेक्टरी. इथली प्रत्येक ओळ मी वाचतो, कारण ही आपली. पोस्टइन्स्ट, प्रीआरएम वगैरे स्क्रिप्ट (पॅकेज बसवताना-काढताना आपोआप चालणाऱ्या) असतील तर दोनदा, कारण त्या लोकांच्या मशीनवर रूट म्हणून चालतात. रूल्समध्ये कुणी टेस्टची पायरी रिकामी करून ठेवलीय का ते बघतो. लायब्ररी असेल तर सिम्बॉल्स फाइल (लायब्ररी इतरांना देते त्या फंक्शनांच्या नावांची यादी) उघडा, तिथे एखादी ओळ उडालेली दिसली की थांबा. कॉपीराइट फाइल कंटाळवाणी असते, पण अपस्ट्रीमने गुपचूप एखादी चेपलेली जावास्क्रिप्ट फाइल, जिचा वाचता येण्यासारखा मूळ सोर्स सोबत नाही, आत टाकली असेल तर ती आपल्याकडे चालत नाही. ते इथेच कळतं.

पॅचेसची गोष्ट वेगळी, तिथे डोळे फसतात. डेबियन/पॅचेस मधली फाइल (अपस्ट्रीमच्या कोडमध्ये आपण केलेला बदल) स्वतःच एक डिफ, म्हणजे काढलेल्या-घातलेल्या ओळींची यादी असते. ती बदलली की तुम्हाला दिसतो डिफचा डिफ: अधिकच्या पुढे वजा, वजाच्या पुढे अधिक. ते वाचून समजलं असं जो म्हणतो त्याला मी नमस्कार करतो. मी जुनी आणि नवी दोन्ही झाडं वेगळी उघडतो, दोन्हींवर क्विल्टने सगळे पॅच चढवतो आणि मग दोन तयार झाडांची तुलना करतो. आणखी एक. पॅचच्या आजूबाजूच्या ओळी जुळल्या नाहीत तर डीपीकेजी-सोर्स अडवतो. पण त्याच ओळी चाळीस ओळी खाली सरकलेल्या सापडल्या तर तो निमूट तिथे चिकटवतो. एकाच फाइलीत दोन फंक्शनं सारखी दिसणारी असली की पॅच भलत्याच फंक्शनात जाऊन बसू शकतो, आणि बिल्ड हिरवंच.

सारख्या दिसणाऱ्या दोन ओळींवरून आठवलं, ही गोष्ट तुम्ही वर्गात सांगा. २००६ साली ओपनएसएसएलवर (गुप्त चाव्या बनवणारी लायब्ररी) व्हॅलग्राइंड (मेमरीतल्या चुका शोधणारं साधन) चालवलं की "या मेमरीत काही न भरताच ती वापरताय" अशी तक्रार यायची. डेबियनच्या मेंटेनरने अपस्ट्रीमच्या यादीवर विचारलंही होतं, आणि डीबगिंगला मदत होत असेल तर काढा, अशा अर्थाचं उत्तर आलं. सप्टेंबर २००६ मध्ये पॅच गेला. दोन ठिकाणी जवळजवळ एकसारखी ओळ होती, दोन्ही बंद केल्या. त्यातली एक खरंच बिनकामाची होती. दुसऱ्या ओळीतून सगळी यादृच्छिकता आत ओतली जायची. ती गेल्यावर चावी तयार करताना बदलती गोष्ट म्हणून काय उरलं? प्रोसेसचा क्रमांक. म्हणजे एका जातीच्या मशीनवर, एका प्रकारच्या आणि लांबीच्या चाव्या जास्तीत जास्त ३२,७६८. घरच्या संगणकावर आधीच तयार करून ठेवता येतील इतक्या. हे उघड झालं १३ मे २००८ ला. जवळजवळ वीस महिने जगभर लोक त्या चाव्यांनी सर्व्हरला कुलपं लावत होते.

मी त्या मेंटेनरला हसत नाही. त्याने विचारलं होतं. पण पॅच बघणाऱ्या कुणी ते फंक्शन पूर्ण उघडलं असतं तर "या दोन ओळी सारख्या दिसतात, पण सारखं काम करतात का?" हा प्रश्न सुचला असता. त्याला क्रिप्टोग्राफी लागत नाही. म्हणून ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: शिकवण्यापुरतं सी पुरतं. कदाचित जास्तच उपयोगी पडतं, कारण न कळलेलं कळलं म्हणून पुढे जायची सवय तुम्हाला अजून लागलेली नाही.

आता टारबॉल. हे मी २०२४ पर्यंत करत नव्हतो, खोटं कशाला बोला. युस्कॅनने उतरवलं, सही जुळली, झालं. मग मार्चच्या २९ तारखेला एक्सझेडचं (फाइली संकुचित करणारी लायब्ररी) प्रकरण बाहेर आलं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून अँड्रेस फ्रॉइंड खणत गेले आणि खाली मागचं दार सापडलं. ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांत. त्या टारबॉलवर सही अगदी बरोबर होती, कारण सही करणाराच आतला. अपस्ट्रीमच्या गिटमध्ये (कोडचं भांडार) बघाल तर ते दार बसवणारी एम-फोर फाइल (बिल्डच्या तयारीची) नाहीच. ती फक्त टारबॉलमध्ये. आपण बिल्ड करताना ऑटोरीकॉन्फ चालवून अशा फाइली नव्याने काढतो, पण तिच्यावरचा अनुक्रमांक मूळ फाइलीपेक्षा मोठा ठेवलेला, म्हणून ऑटोरीकॉन्फने तिला नवी समजून हात लावला नाही. आणि खरा माल टेस्टसाठी ठेवलेल्या संकुचित फाइलींत, त्यातली एक तर मुद्दाम "खराब". टेस्टच्या खराब फाइली खराबच असायच्या, त्या कोण उघडून बघणार?

मला सगळ्यात झोंबलं ते पुढचं. त्यात लपवलेल्या स्क्रिप्टने कामाला लागण्याआधी बघितलं की आपण डेबचं किंवा आरपीएमचं (दुसऱ्या लिनक्सांच्या पॅकेजचा प्रकार) बिल्ड करतोय का. डेबचं कसं ओळखलं? डेबियन/रूल्स ही फाइल आहे का, यावरून. म्हणजे माझ्यासारखा माणूस रविवारी बसून जी फाइल सरळ करतो, तीच खूण धरून तो आला होता.

तेव्हापासून गिटच्या टॅगवरून झाड काढतो, शेजारी टारबॉल उघडतो आणि डिफला "आर" देऊन दोन्ही समोरासमोर ठेवतो. पाच मिनिटांचं काम. कॉन्फिगर, मेकफाइलचे साचे, भाषांतराच्या तयार फाइली जास्तीच्या निघतीलच, घाबरू नका. ज्याचा उगम सांगता येत नाही तेवढंच बाजूला काढा.

तिसरा प्रश्न, तोंडाचा. निकाल देऊ नका, प्रश्न विचारा. "हे चूक आहे" लिहिलं की समोरचा बचावाला उभा राहतो. "ही फाइल डेटा पॅकेजमध्ये गेली, जुन्या मशीनवर अपग्रेड करून पाहिलंत का?" याला उत्तर द्यावंच लागतं. आणि शेवटी काय पाहिलं, काय नाही, ते स्पष्ट लिहा: डेबियन डिरेक्टरी आणि तयार डेब पाहिले, टारबॉल गिटशी ताडून पाहिला, सी कोड वाचलेला नाही. असं लिहिलंत की पुढच्याला कळतं कुठून सुरू करायचं. "ठीक वाटतंय" मध्ये हीच माहिती नसते.

अक्षरवेल्हाळ

खोडरबर, अर्ध्या डोंबिवलीला पुरेल एवढं लिहिलंत. मी फॉन्टवाली आहे, थोडक्यात भर घालते.

फॉन्टच्या पॅकेजमध्ये डिफ म्हणजे "बायनरी फाइली वेगळ्या आहेत" एवढं एक वाक्य. डिफोस्कोप (दोन बायनरींची तुलना करणारं साधन) आत शिरून बरंच काही उलगडून दाखवतो, पण त्यातून अक्षर कसं दिसतं ते कळत नाही. एका फॉन्टच्या नव्या आवृत्तीत (नाव घेत नाही, लोक चांगले आहेत) मराठीचा ल आणि श हिंदी वळणाचे झाले. फॉन्टमध्ये दोन्ही आकार होते, पण "मजकूर मराठी असेल तर हा आकार घ्या" सांगणारा नियम बिल्डमध्ये गळला. लिंटियन खूश, टेस्ट खूश, सगळं हिरवंगार. हिंदी वाचणाऱ्याच्या लक्षातही आलं नसतं.

तेव्हापासून मी प्रत्येक फॉन्टच्या रिव्ह्यूला एकच शब्द छापून बघते: "शाल". दोन्ही अक्षरं एका शब्दात. मजकुराची भाषा मराठी लावायला विसरू नका, नाहीतर तो नियम लागूच होत नाही आणि तुम्ही विनाकारण बग नोंदवता. (नोंदवलाय.)

मास्तरीणबाई, तुमच्या लायब्ररीसाठीही अशी एखादी "शाल" शोधा. ती वापरणारं एक खरं पॅकेज घ्या आणि चालवून बघा.

सांगलीकर_मास्तरीण (बुधवार रात्र)

उशीर झाला, प्रॅक्टिकलच्या परीक्षा चालू आहेत. खोडरबरदादा, तुम्ही सांगितलं त्याच क्रमाने केलं.

माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर जुनी आवृत्ती आणि नवी आवृत्ती दोन्ही एसबिल्डने (स्वच्छ जागेत बिल्ड करणारं साधन) बांधल्या. चेंजेस फाइलींवर डेबडिफ चालवला तर खरंच अर्ध्या स्क्रीनमध्ये उत्तर आलं. एक मॅन पेज वाढलं, दोन उदाहरणांच्या फाइली गेल्या, अवलंबित्वात फरक नाही. इथे काही दुखत नव्हतं.

टारबॉल ताडला. पहिल्यांदा ३१ फाइली जास्त दिसल्या तेव्हा पोटात गोळा आला, मग एकेक खोडत गेले. सगळ्यांचा उगम सापडला. एम-फोरच्या फाइली डिस्ट्रोच्या प्रतींशी जुळवून पाहिल्या, त्याही तशाच.

मग डेबियन डिरेक्टरी. चेंजलॉगमध्ये तीन ओळी: नवी आवृत्ती, स्टँडर्ड्स व्हर्जन वाढवलं, आणि "अपडेट सिम्बॉल्स". सिम्बॉल्स फाइल उघडली. हिरव्या सात ओळी, नवी फंक्शनं. आणि मध्येच लाल दोन ओळी. दोन फंक्शनांची नावं काढून टाकलेली. शनिवारी रात्री मी याच फाइलीवरून माउस फिरवत गेले होते, मला आठवतंय, कारण त्या यादीकडे बघून हजेरीपटच वाटला होता.

थांबले. हेडर उघडून पाहिलं, दोन्ही फंक्शनं तिथूनही गेलेली. अपस्ट्रीमच्या बातम्यांच्या फाइलीत एक ओळ: जुनी, वापरात नसलेली दोन फंक्शनं काढली. वापरात नसलेली हे त्यांना कसं कळलं? डेबियन कोडसर्चवर (सगळ्या पॅकेजांच्या कोडमध्ये शोधणारी साइट) नावं टाकली. पहिलं कुठेच नाही. दुसरं दोन पॅकेजांत, त्यातलं एक तर आमच्या लॅबमध्ये आहे. आणि लायब्ररीच्या नावातला आकडा, एसओनेम, जो जुन्याशी जुळेनासं झालं की वाढवायचा असतो, तो जुनाच ठेवलाय. म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे ते पॅकेज नवी लायब्ररी आपली जुनीच समजून उघडणार, फंक्शन मागणार, आणि ते नसणार. अक्षरवेल्हाळताईंची शाल केली: नवी लायब्ररी चेरूटमध्ये घातली आणि ते पॅकेज सुरू केलं. पहिल्याच मेनूला "सिम्बॉल सापडत नाही" म्हणून पडलं.

मर्ज रिक्वेस्टवर असं लिहिलं: "ही दोन फंक्शनं सिम्बॉल्समधून गेली आहेत पण एसओनेम तोच आहे. दुसरं फंक्शन या दोन पॅकेजांत वापरलेलं दिसतं, एक चालवून पाहिलं, असं पडलं. हे ठरवून केलंय का?" खाली काय पाहिलं, काय नाही, ते लिहिलं. सी कोड वाचला नाही असं लिहिताना लाज वाटली, पण लिहिलं.

सकाळी उत्तर होतं. ते म्हणाले, ती फंक्शनं आतली असावीत असं मी धरून चाललो होतो, पाहायला हवं होतं. मर्ज रिक्वेस्ट त्यांनी मागे घेऊन ड्राफ्ट केलीय आणि अपस्ट्रीमला विचारलंय की एसओनेम वाढवता की ते एक फंक्शन परत ठेवता.

एक मात्र कळलं नाही. पाइपलाइन पूर्ण हिरवी होती. सिम्बॉल गळला की बिल्ड लाल होतो असं मी कुठेतरी वाचलं होतं. मग?

खोडरबर

वाचलंत ते बरोबर. डीपीकेजी-जेनसिम्बॉल्स तयार लायब्ररीतली नावं आपल्या सिम्बॉल्स फाइलीशी जुळवतो. फाइलीत नाव आहे आणि लायब्ररीत नाही, तर बिल्ड पाडतो. पडताना वर काय फरक आहे त्याचा डिफही छापतो. घाईतला माणूस काय करतो, तो डिफ उचलून फाइलीला लावतो. गळलेली नावं फाइलीतूनही जातात, पुढच्या वेळी यादी आणि लायब्ररी तंतोतंत जुळतात आणि सगळं हिरवं. गैरहजर मुलाचं नावच हजेरीपटातून खोडलं की हजेरी शंभर टक्के.

लायब्ररीच्या स्वतःच्या टेस्ट? ज्याने फंक्शन काढलं त्याने त्याची टेस्टही काढली असणार. पिउपार्ट्स फक्त बसवून, अपग्रेड करून, काढून बघतो. आणि ती दोन पॅकेजं या पाइपलाइनला माहीतच नाहीत. अपलोड झाल्यावर त्यांच्या ऑटोपीकेजीटेस्ट लागल्या असत्या, तेही असल्या तर.

सी किती वाचावं लागलं?

सांगलीकर_मास्तरीण

एक हेडर. दीडशे ओळी.

शेवभाजी

माझ्या अकरापैकी तीन लायब्ररी आहेत. तिन्हींच्या चेंजलॉगमध्ये "अपडेट सिम्बॉल्स" आहे. माझ्याच हाताने. बघून येतो.

शेवभाजी (पावणेदोन तासांनी)

दोन ठीक आहेत, नुसती भर आहे. तिसऱ्यात गेल्या वर्षी चार नावं खोडलीत मी. कोडसर्चवर तीन कुठे नाहीत, चौथं एका पॅकेजमध्ये आहे. त्या पॅकेजवर आठ महिन्यांपूर्वीचा एक बग उघडा पडलाय: "सुरू होताच बंद पडतं, कारण कळत नाही." त्यांचे मेंटेनर बिचारे तेव्हापासून स्वतःच्या कोडमध्ये शोधतायत. बग माझ्या पॅकेजकडे वळवून घेतोय. माफीचं इंग्रजी कुणी तपासून देईल का?

अक्षरवेल्हाळ

पाठव. २१४ ओळी नसल्या म्हणजे झालं.